वर्गाबाहेरचा इतिहास : विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी काही वाटा

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यावाचून पदवी मिळत नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्यास निदान एकदा तरी सर्वेक्षणासाठी बाहेर पडावे लागते. इतिहासाचा विद्यार्थी मात्र एकही अस्सल कागद न पाहता, एकही शिलालेख न वाचता पदवीधर होऊ शकतो. पेशवाईतील महसूलव्यवस्थेवर तो चार पाने उत्तर लिहितो. परंतु ती व्यवस्था ज्या कागदांवरून आपल्याला कळली ते कागद कसे दिसतात, कोठे ठेवलेले असतात आणि कोणाला पाहता येतात, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. यात दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही. गुणपत्रिकेच्या हिशेबात या गोष्टींना जागाच नव्हती.

अलीकडे ही स्थिती काही अंशी पालटली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. संधी मोठी आहे. मात्र तिच्यामागोमाग एक धोकाही येतो. एखाद्या संस्थेत दोन आठवडे हजेरी लावायची, शिक्कामोर्तब केलेले प्रमाणपत्र घ्यायचे आणि वहीत चिकटवायचे, एवढ्यावर हे प्रशिक्षण संपले तर वर्गातील घोकंपट्टीत वर्गाबाहेरच्या घोकंपट्टीची भर पडेल, इतकेच. म्हणून कोठे जावे यापेक्षा तेथे जाऊन काय करावे, याचा विचार येथे अधिक केला आहे.

अभ्यासकांनी उभारलेली परंपरा

महाराष्ट्राला या बाबतीत दुसऱ्याकडे पाहण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधनाचा पाया विद्यापीठाच्या आवारात घातला गेला नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरील पेटारे उघडून कागद गोळा केले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. वाई येथे मिळालेल्या पत्रांनी या कार्याला चालना दिली. या मालेचे पुढे बावीस खंड झाले. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. पटवर्धन घराण्याच्या दप्तरातून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला तो नोकरी सांभाळूनच. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. १९२६ च्या अखेरीस राजवाडे धुळे येथे निवर्तले आणि त्यांचा संग्रह जतन करण्यासाठी त्याच नगरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

या मंडळांचे एक वैशिष्ट्य आजच्या विद्यार्थ्याने ध्यानी घ्यावे. पदव्या पाहून दार उघडावे, अशी त्यांची रीत नव्हती. ज्याला एखादा नवा कागद सापडला त्याने तो सभेत वाचून दाखवावा, उपस्थितांनी त्यावर शंका काढाव्यात, आणि टिकला तर तो त्रैमासिकात छापावा, अशी ही पद्धत. एका पानाचे टिपण का होईना, पण नव्या पुराव्यावर उभे असलेले, हा तिचा दंडक होता. विद्यापीठातील प्रबंध शेकडो पानांचा असतो; पण एका पानाचे निर्दोष टिपण लिहिणे त्याहून सोपे आहे, असे कोणी समजू नये. अखिल भारतीय पातळीवरील इतिहास परिषदेचे पहिले अधिवेशन १९३५ साली पुण्यात भरले, त्यामागेही याच मंडळाचा पुढाकार होता. आज ही परिषद भारतीय इतिहास परिषद म्हणून ओळखली जाते आणि तिच्या अधिवेशनांतून तरुण अभ्यासकांचे निबंध वाचले जातात. प्रादेशिक परिषदांचेही तसेच. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने वर्षातून एका अधिवेशनाला जावे. निबंधवाचन नसले तरी चालेल. श्रोत्यांत बसून वाद कसा घातला जातो ते पाहणे हाच पहिला धडा होय.

रुमालांत बांधलेले दप्तर

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मूळ १८२१ सालापर्यंत जाते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना सचिवालयाच्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र कार्यालय निघाले, तेच पुढे वाढत गेले. मुंबईखेरीज पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे संचालनालयाची अभिलेखागारे आहेत. प्रत्येकाची प्रकृती निराळी आहे. मुंबईत इलाख्याच्या कारभाराचे इंग्रजी कागद विपुल. कोल्हापुरात करवीर संस्थानचे दप्तर. मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश ज्या राज्यकारभारातून निघाला, त्याचा माग काढायचा तर येथेच यावे लागते. नागपुरात मध्य प्रांत व वऱ्हाडचे कागद आणि मराठवाड्यात निजामी राजवटीचे, फार्सी व उर्दू भाषांतील.

पुण्याचे पेशवे दप्तर या सर्वांत प्रसिद्ध. १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती आलेले पेशव्यांच्या कारभाराचे कागद १८९१ साली बांधून झालेल्या दगडी इमारतीत ठेवण्यात आले. कागद ज्या फडक्यात बांधतात त्याला ‘रुमाल’ म्हणतात आणि असे हजारो रुमाल येथे फळ्यांवर मांडलेले आहेत. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, पथके, चिटणिशी असे त्याचे विभाग. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. पंचेचाळीस हा आकडा ऐकून विद्यार्थ्याला वाटते की आता शिल्लक ते काय राहिले! वस्तुस्थिती उलट आहे. संपादकांनी राजकारणाचे, लढायांचे व घराण्यांचे कागद प्राधान्याने निवडले. गावगाड्याचे, बाजारांचे, जकातीचे, दुष्काळातील सुटीचे, न्यायनिवाड्यांचे कागद त्या मानाने फार थोडे छापले गेले. ज्याला सामान्य माणसाचा इतिहास लिहावयाचा आहे त्याच्यासाठी रुमाल अद्याप बांधलेलेच आहेत.

अभिलेखागारात प्रवेश मिळविणे विद्यार्थी समजतात तितके अवघड नाही. विभागप्रमुखांचे अथवा मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, ओळखीचा पुरावा आणि अभ्यासाचा विषय स्पष्ट लिहिलेला अर्ज एवढ्यावर काम भागते. विषय मात्र नेमका असावा. ‘मराठेशाहीचा आर्थिक इतिहास’ असे लिहून दिल्यास अभिलेखपाल काय काढून देणार? ‘अमुक परगण्यातील अमुक दहा वर्षांची जकात’ असे लिहिल्यास त्यालाही दिशा मिळते. आत शाईचे पेन न वापरता पेन्सिलीने टिपणे घ्यावीत, रुमाल ज्या क्रमाने लावला असेल तो क्रम मोडू नये आणि टिपणाच्या माथ्यावर दप्तर, रुमाल व कागद यांचे क्रमांक न विसरता लिहावेत. क्रमांकावाचून केलेले टिपण सहा महिन्यांनी ऐकीव गोष्टीइतकेच मोलाचे उरते.

मोडी आणि तिचे उत्तराधिकारी

हे सर्व खरे असले तरी दप्तराच्या दाराशी एक कुलूप आहे, ते लिपीचे. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे शाळांतून शिकवली जात होती. हिशेबाच्या वह्या आणि खाजगी पत्रे तिच्यात लिहिली जात होती. मग ती अभ्यासक्रमांतून गेली, आणि दोन पिढ्यांत अशी वेळ आली की नातवाला आजोबांच्या हातचे खरेदीखत वाचता येऊ नये. नवलाची गोष्ट ही की भाषा तीच, मराठी. अडतो तो केवळ अक्षरांशी.

मोडी शिकण्यास किती काळ लागतो? अक्षरओळख आठ-दहा दिवसांत होते. पुराभिलेख संचालनालय, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि काही विद्यापीठे व महाविद्यालये वेळोवेळी मोडीचे वर्ग घेतात. त्यांतून हा पाया घातला जातो. पुढे वाचनाचा सराव हेच खरे शिक्षण. मोडीत आधी कागदभर शिरोरेषा ओढून तिला अक्षरे लटकवीत जातात, शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीत नाहीत आणि संक्षेप तर पावलोपावली. त्यामुळे पहिला कागद वाचायला एक दिवस लागतो, विसाव्या कागदाला एक तास आणि शंभराव्या कागदाला काही मिनिटे. शंभर कागदांपर्यंत टिकून राहणारा विद्यार्थी मात्र हवा.

अक्षर लागले तरी काळ लावावा लागतो. जुन्या पत्रात आजच्यासारखी तारीख नसते. समजा, पत्रावर ‘सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे आहे. हे अरबी अंक होत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज ११६१. सुहूर सनाचे वर्ष मृग नक्षत्राच्या आरंभी सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल असेही नाव आहे. मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या पत्राला या अंकात ५९९ मिळवावे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६०० मिळवावे. ११६१ मध्ये ५९९ मिळविले की १७६० येते आणि ६०० मिळविले की १७६१. म्हणजे हे पत्र पानिपतच्या वर्षातले. आता त्यात ‘पौष शुद्ध अष्टमी’ अशी मिती सापडली तर? शके १६८२ ची ती तिथी १४ जानेवारी १७६१ ला पडते; पत्र नेमके लढाईच्या दिवशीचे ठरते. अनेक पत्रांत ‘छ’ हे अक्षर आढळते. ते ‘चंद्र’ या शब्दाचे संक्षिप्त रूप असून त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते. एकाच पत्रात दोन कालगणना मिळाल्या तर त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. जुळल्या नाहीत, तर पत्राची नक्कल करणारा चुकला, किंवा पत्रच बनावट, असा संशय घेण्यास जागा होते. चिकित्सा म्हणतात ती हीच. ती पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने येत नाही, अशा पाच-पन्नास पत्रांनी येते. वा. सी. बेंद्रे यांचा ‘साधन-चिकित्सा’ हा ग्रंथ जवळ ठेवला तर या वाटेवर सोबत होते.

मोडीचे शिक्षण म्हणजे हौस, असे मानणाऱ्यांनी अलीकडच्या एका घटनेकडे पाहावे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली आणि मराठवाड्यापासून आरंभ होऊन पुढे राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कार्यालये, भूमी अभिलेख कार्यालये, जुन्या शाळांची प्रवेशपुस्तके, जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४ अशी दप्तरे बाहेर निघाली. त्यांतील पुष्कळ कागद मोडीत होते, मराठवाड्यात काही उर्दूत व फार्सीत. ते वाचणारी माणसे शोधताना जिल्हा प्रशासनांची धावपळ उडाली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशी या लेखाला कर्तव्य नाही. एका नागरिकाचा दाखला, एका कुटुंबाचा जमिनीवरील हक्क किंवा न्यायालयातील एक दावा दीडशे वर्षांपूर्वीच्या ओळीवर अवलंबून असू शकतो आणि ती ओळ वाचणारा तालुक्यात एकही नसतो, ही वस्तुस्थिती मात्र इतिहासाच्या प्रत्येक विभागाने मनावर घ्यावी अशी आहे. वाळवी आणि ओल कोणासाठी थांबत नाहीत. जो कागद आज वाचला जात नाही तो उद्या वाचण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.

यात उपजीविकेचीही वाट आहे. प्रमाणित मोडी लिप्यंतराला न्यायालये, वकील, देवस्थाने व खाजगी कुटुंबे यांच्याकडून मागणी असते. त्यातून लगेच घर चालेल असे आश्वासन देणे योग्य नव्हे. परंतु शिकता शिकता चार पैसे मिळवून देणारे आणि त्याच वेळी विषयात मुरविणारे दुसरे काम इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्वचितच मिळेल.

मोडीइतकाच दुसऱ्या भाषांचाही प्रश्न आहे. सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानच्या प्रशासकीय सेवेतले. फार्सी साधने त्यांनी मराठीत आणली, आणि आदिवासी भागात काम करताना गोंडी व कोलामी भाषा शिकून घेतल्या. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तर लावले आणि मराठ्यांच्या इतिहासाची एक संपूर्ण बाजू उजेडात आणली. पणजीच्या पुराभिलेखागारात आजही मराठी विद्यार्थी तुरळकच, कारण पोर्तुगीज भाषा येत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांची गोष्ट वेगळी. तेथे लिपी व भाषा आपलीच, केवळ प्रवासाचा कंटाळा आडवा येतो.

मातीतील पुरावा

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. ह. धी. सांकलिया यांनी पुरातत्त्वाची जी परंपरा निर्माण केली, तिने महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या मागे हजार वर्षे नेला. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) जोर्वे आणि नेवासे, त्यानंतर पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव. इनामगावचे उत्खनन १९६८ पासून सुमारे दीड दशक चालले, सांकलियांबरोबर म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांनी ते केले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरलेली बालके मिळाली. प्रौढांच्या सांगाड्यांची पावले तोडलेली होती. सर्वांत विलक्षण म्हणजे चार पायांच्या एका मोठ्या रांजणात बसविलेला पुरुषाचा सांगाडा. वस्तीच्या अखेरच्या काळात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीबरोबर शिकारीवर अधिक विसंबावे लागले. पाऊसमान घटल्याचा हा परिणाम, असे संशोधकांचे अनुमान आहे. अवर्षणाने गावे कशी मोडतात हे आपल्याला नव्याने सांगायला नको. ते तीन हजार वर्षांमागेही तसेच घडले, हे कुदळ व ब्रश यांनी सांगितले.

उत्खननाच्या हंगामात विद्यार्थ्यांना स्वयंसेवक म्हणून घेतले जाते, पण जागा थोड्या असतात. जो जाईल त्याने खंदकात उतरण्याची घाई करू नये. खापरे धुणे, त्यांच्यावर क्रमांक घालणे, नोंदवही ठेवणे ही कामे आधी पदरात घ्यावीत. एका खापराच्या काठाच्या वळणावरून शतक ओळखता येते, हे त्या कंटाळवाण्या कामातच समजते. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. परंतु पुण्याच्या टेकड्यांवर हिंडून त्यांनी सूक्ष्मपाषाणास्त्रे वेचली, वाटांच्या फाट्यांवरील देवींची ठाणी नोंदविली आणि पूर्वीच्या व्यापारी मार्गांशी त्यांचा संबंध जोडून पाहिला. त्यांना कोणी प्रकल्प मंजूर केला नव्हता.

उत्खनन सर्वांच्या वाट्याला येत नाही. गावाची वेस मात्र येते. मारुतीच्या पारावर, ओढ्याकाठी, शाळेच्या भिंतीला टेकून उभे असलेले वीरगळ कोणत्याही तालुक्यात सापडतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी त्यांची मांडणी बहुधा असते. खालच्या चौकटीत गायी दिसल्या तर तो वीर गोधन राखताना पडला असे समजावे. कोकणात शिलाहारकालीन गधेगाळ आढळतात. दान मोडणाऱ्याला त्यावर शापवाणी कोरलेली असते. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील मराठी शिलालेख असाच आहे. एका विद्यार्थ्याने सुट्टीत एका तालुक्यातील वीरगळांची यादी करावी: गाव, नेमकी जागा, उंची-रुंदी, चौकटींचे वर्णन, छायाचित्र आणि गावकरी त्याला काय म्हणतात ते. रस्तारुंदीकरणात हे दगड हलतात, पायात जातात किंवा शेंदूर व ऑइल पेंट लागून त्यांवरील कोरीवकाम दिसेनासे होते. अशी यादी एका उन्हाळ्यात पुरी होते आणि पुढील अभ्यासकाला ती मोठ्या निबंधापेक्षा उपयोगी पडते. धाराशिव जिल्ह्यातील तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व पांढरीत मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमविल्या; त्यांच्या संग्रहातून तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि सातवाहनकालीन ‘तगर’ नगराची श्रीमंती डोळ्यांसमोर आली.

तथापि, त्या काळी जे चालले ते आज जसेच्या तसे करू नये. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निखात ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. पुरावशेषांच्या व्यवहारावर १९७२ च्या अधिनियमाचे नियंत्रण आहे, आणि संरक्षित स्मारकात खणणे हा गुन्हा आहे. किल्ल्यांवर धातुशोधक यंत्रे घेऊन फिरणारी हौशी मंडळी अधूनमधून दिसतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. वस्तू जागेवरून उचलली की तिचा अर्धा पुरावा नाहीसा होतो.

गडसंवर्धनाच्या श्रमदानाबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे किल्ल्यांवर भरतात, टाक्यांतील गाळ निघतो, झुडपे तोडली जातात, हे स्वागतार्हच. पण उत्साहाच्या भरात ढासळलेल्या तटाला सिमेंट लावणे आणि तोफांना रंग देणे म्हणजे सेवा नव्हे. शिबिरात इतिहासाचे विद्यार्थी असतील तर नोंद घेण्याचे आणि वेळप्रसंगी ‘थांबा’ म्हणण्याचे काम त्यांचे. काढलेल्या गाळातही खापरे असतात, नाणी असतात. पुरातत्त्व विभागाच्या अनुमतीशिवाय टाके उपसू नये ते यासाठीच.

संग्रहालयांविषयी थोडक्यात. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (१९२२) आणि भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२), पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचे टाऊन हॉलमधील संग्रहालय, जेथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आहे. या ठिकाणी मार्गदर्शक म्हणून उभे राहण्याचा अनुभव वक्तृत्वस्पर्धेतील पारितोषिकापेक्षा अधिक शिकवतो. कारण दहा वर्षांचे मूल विचारते तो प्रश्न परीक्षक कधी विचारीत नाही. संग्रहालयशास्त्र व अभिलेखशास्त्र यांचे पदविका अभ्यासक्रम मुंबईत व दिल्लीत उपलब्ध असून शासकीय अभिरक्षक व अभिलेखपाल या पदांसाठी ते उपयोगी पडतात.

बोलती साधने

कागद आणि दगड यांना निदान काही वर्षे थांबवता येते. माणसाला नाही. १९७२ च्या दुष्काळात वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. खडी फोडण्याच्या कामावर तिने काय मजुरी घेतली, लहान मूल कोणाजवळ ठेवले, सुकडी व परदेशी मिलो ज्वारी घरात कशी खाल्ली गेली, पाझर तलावाच्या कामावर कोण कोणाशेजारी पाणी प्याले, यातील फारच थोडे शासकीय अहवालांत आहे. आकडे अहवालात मिळतात. ज्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा (१९७७) आकाराला आला, त्या कामांवरची माणसे मात्र अद्याप गावात आहेत. तीच गोष्ट १९४८ चा हैदराबाद मुक्तिसंग्राम पाहिलेल्यांची. ती पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. १९८२ च्या संपात गिरणी सुटलेला कामगार, कोयनेच्या धरणासाठी गाव सोडलेले कुटुंब, किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात वाचलेली माणसे, यांच्या आठवणी घेण्यास कोणतेही अनुदान लागत नाही.

असे काम मराठीत झाले आहे. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि त्यांवर ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध केला. छापील इतिहासात ज्यांची नावेही नव्हती त्या स्त्रिया त्यातून पुढे आल्या. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या कामगारांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००४ साली सिद्ध केला. आज त्यातील अनेक गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत.

मुलाखत घेण्याचे काही साधे नियम आहेत. माणसाला इसवी सन विचारू नये. ‘पानशेतच्या पुरानंतर की आधी?’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला केवढा होता?’ असे विचारावे. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा आणि कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. या खुणांवरून वर्ष लावणे आपले काम. प्रश्न लहान असावा आणि उत्तर संपेपर्यंत दुसरा विचारू नये. सांगणाऱ्याची बोली सुधारून लिहू नये. आठवणीत चूक असली तर तिथल्या तिथे दुरुस्त न करता नोंदवावी आणि ती कागदाशी ताडून पाहावी. माणसे कोणती गोष्ट चुकीची आठवतात, हाही पुरावाच असतो. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि एखादी गोष्ट ‘हे लिहू नका’ असे सांगून सांगितली असेल तर ती लिहू नये, मग ती कितीही महत्त्वाची असो.

मुद्रण भ्रमणध्वनीत ठेवून चालत नाही. यंत्र बदलले की ते गेले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अशा मुलाखतींसाठी एक कपाट आणि एक नोंदवही राखून ठेवावी. सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय, मुलाखतीचा दिनांक, घेणाऱ्याचे नाव व संमतीपत्र यांच्यासह लिखित प्रत त्यात दाखल करावी. दुसरी प्रत जिने किंवा ज्याने ती हकीकत सांगितली, तिच्या किंवा त्याच्या घरी स्वतः नेऊन द्यावी, आणि वाचता येत नसेल तर तेथे बसून वाचून दाखवावी. पुष्कळदा खरी मुलाखत या दुसऱ्या भेटीतच सुरू होते.